वजनकाट्याच्या झोळीत तीन पिढ्या

1973, शिरूर तालुका

चैत्र सरत आलाय. सकाळचे दहा वाजायच्या आतच पायाखालचा मुरूम तापलाय आणि तुम्ही एका रस्त्याच्या दुष्काळी कामावर उभे आहात. ओळीनं बायका बसल्यात. पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात हातोडी, पुढ्यात दगड. खडी फोडायची, पाट्या भरायच्या, ढीग लावायचा. संध्याकाळी त्या ढिगाचं माप घेतलं जाईल आणि त्यावर मजुरी ठरेल. पाऊस हुकला, विहिरींनी तळ दाखवला, घरातली ज्वारी संपली. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळते आणि कामावर सुकडी वाटतात.

तिसऱ्या ओळीतल्या बाईकडे बघा. तिला सातवा महिना लागलाय. वाटणीची सुकडी हातात पडली की ती अर्धी स्वतः खाते आणि अर्धी पदराच्या गाठीला बांधते, घरी असलेल्या थोरल्या पोरासाठी. मग पुन्हा हातोडी उचलते.

तिचं नाव विचारू नका. ती कुणी एक नाही. या टापूत त्या वर्षी आई झालेल्या कितीतरी जणींच्या वतीनं ती तुमच्यासमोर बसली आहे. तिची लेक आणि तिची नात यांच्या मागोमाग तुम्हाला जायचंय. फक्त एवढं लक्षात ठेवा: मुकादमाच्या हजेरीपत्रकात तिचं नाव आहे, तिनं फोडलेल्या खडीचं माप आहे. पावसाळ्यात तिला मुलगी होईल. सुईण बाळ हातावर तोलून म्हणेल, ‘इवलीशीच हाय.’ त्या बाळाचं माप कुठल्याही कागदावर नसेल.

पण याच तालुक्यात एक काम रुजू लागलंय. पुण्याच्या रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय सांभाळणाऱ्या डॉ. बानू कोयाजी यांनी भीमेच्या काठावरच्या, संभाजी महाराजांची समाधी असलेल्या वढू बुद्रुकमध्ये ग्रामीण आरोग्याचं काम हाती घेतलं आहे. 1944 पासून त्या केईएममध्ये आहेत. शहरातल्या खाटा वाढवून खेड्यातली बाळंतीण वाचत नाही, हे त्यांना दिसलं आहे. शेजारच्या नगर जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 पासून तेच सांगताहेत: गावातलीच बाई शिकवून तयार करा, ती जे करील ते बाहेरून आलेला डॉक्टर करू शकणार नाही. 1975 च्या 2 ऑक्टोबरला देशात एकात्मिक बाल विकास योजना सुरू होईल आणि तिच्यामागून अंगणवाड्या येतील. झोळीचा काटा गावात पोचायला आता फार वर्षं नाहीत.

1994, वढूचा टापू

एकवीस वर्षं पुढे या. डांबरी सडक झाली आहे, चौकात एसटीडीचं बूथ आहे, डेअरीच्या कॅनची गाडी पहाटे येऊन गेली आहे. खांद्याला पिशवी लावलेल्या एका तरुण मुलीबरोबर तुम्ही गल्ल्या पालथ्या घालताय. ती इथलीच, शिकलेली, गावच्या सगळ्या घरांत ‘ताई’ म्हणून वावरणारी. केईएमच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास करताहेत, पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. 1993 साली तो सुरू झाला. ताई त्या अभ्यासाचे हातपाय आहे आणि डोळेही.

पहिल्या घरी तुमच्या लक्षात येईल, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. गरोदरपणाचा पहिला आठवडा कधी सुरू झाला हे कळायला हवं, तरच बाळाच्या वजनाला अर्थ. त्यासाठी सहा गावांतल्या अडीच हजारांच्या आसपास लग्न झालेल्या बायकांच्या पाळीच्या तारखा दर महिन्याला विचारून लिहायच्या आहेत. ओसरीवर सासू गहू निवडत बसली आहे, पडवीत सासरे बिडी ओढताहेत. ताई आधी सासूजवळ टेकते. ‘काय आत्या, गुडघा कसाय?’ म्हणते. कोथिंबिरीच्या भावाचं बोलणं होतं. मग ‘पाणी द्या वहिनी’ म्हणत ती सैपाकघरात शिरते आणि चुलीपाशी आवाज उतरवून विचारते, ‘या महिन्यात बाहेर बसलात का? कुठल्या वारी?’

सून आठवते. ‘शिवरात्रीच्या आदल्या दिशी.’ ताई मनात तारीख लावते आणि वहीत लिहिते. दर महिन्याला, दर घरी हेच. परक्या माणसाला हे उत्तर या जन्मात मिळालं नसतं. जगभर वाचल्या गेलेल्या त्या संशोधनाचा पाया अशा चुलीपाशी कुजबुजल्या गेलेल्या तारखांवर उभा आहे.

ही सून म्हणजेच 1973 च्या पावसाळ्यात जन्मलेली ती इवलीशी मुलगी. ती आता एकवीस वर्षांची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरी होणार आहे. तिला भिंतीला टेकवून उंची घेतात, काट्यावर उभी करतात. अभ्यासातल्या बायकांची सरासरी उंची 152 सेंटिमीटर आणि गरोदर राहण्याआधीचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास आहे. हीही तेवढीच. पहाटे उठून ती पाणी भरते, शेण काढते, भाकऱ्या बडवते, मग खुरपायला जाते. शेवटी जेवते. गोठ्यात दोन म्हशी आहेत. दूध डेअरीला जातं आणि चहापुरतं मागे राहतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी निरोप येतो: मुलगी झाली. आता 72 तासांची मुदत सुरू झाली. तेवढ्यात बाळाची मापं घ्यायलाच हवीत, कारण त्यानंतरचं वजन हे जन्माचं वजन राहत नाही. ताईच्या मागे चालत राहा.

बाळंतिणीची खोली अंधारी आहे. शेगडीची ऊब आहे आणि ओव्याची धुरी डोळ्यांना झोंबते. सासू दारातच अडवते. पाचवी पुजायची आहे, सटवाई यायची आहे, त्याआधी बाळाला उघडं करून झोळीत टांगायचं? नजर लागली तर? ताई वाद घालत नाही. बसते, हात धुते, शेगडीवर हात शेकून घेते. बाळाच्या गालावर काजळाची तीट आहे का बघते, नसेल तर आजीलाच लावायला सांगते. ‘आत्या, तुमच्याच हातानं झोळीत घाला. मी फक्त काटा बघते.’ आणि आजी तयार होते.

आता तुम्हीही नीट बघा, कारण पुढची दहा मिनिटं जे होतं त्यात कुठेही ढिलाई चालत नाही. आढ्याच्या वाशाला काटा अडकवतात. रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणतात. बाळाचं दुपटं, टोपडं, अंगडं सगळं काढायचं. थंडी आहे, म्हणून झटपट. काटा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा, वरून किंवा खालून वाचला की आकडा बदलतो. बाळ हलतंय तोवर थांबायचं. 2 किलो 600 ग्रॅम. ताई मोठ्यानं बोलते, मग लिहिते.

मग लांबी. फळीवर बाळाला उताणं ठेवतात. एकीनं डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी तळव्याला लावायची. नवजात बाळ पाय पोटाशी ओढून घेतं, त्याच्याशी जबरदस्ती करायची नाही आणि आकडाही चुकवायचा नाही. मिलिमीटरपर्यंत वाचायचं. मग टेप: डोक्याचा घेर, पोटाचा घेर, दंडाचा घेर. शेवटी एक चिमटा निघतो, कॅलिपर. दंडाच्या मागची आणि खांद्याच्या फऱ्याखालची कातडी बोटांत धरून तिची जाडी मोजायची. बाळ रडतं, आजी कासावीस होते, ताई आकडा वाचून लगेच सोडते. या मुलींना हे पुन्हा पुन्हा करायला लावलं आहे, एकीचं माप दुसरीच्या मापाशी ताडून पाहिलं आहे, कारण दोन हातांची मापं जुळली नाहीत तर वह्या भरूनही हाती काही लागत नाही.

1996 पर्यंत अशी सुमारे साडेसातशे बाळं मोजून होतील. सरासरी वजन भरेल 2.7 किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं भरतं 3.5 किलो. तिथले डॉ. डेव्हिड बार्कर सांगत होते की आईच्या पोटात बाळ कसं वाढलं यावर त्याचं चाळिशी-पन्नाशीतलं हृदय आणि साखर ठरत असते. त्यांच्या सहकारी डॉ. कॅरोलाइन फॉल या अभ्यासात याज्ञिकांबरोबर आहेत. दोन्हीकडची मापं शेजारी ठेवली आणि फऱ्याखालच्या त्या चिमटीनं सगळ्यांना चकित केलं. आपली बाळं वजनानं खूप मागे, स्नायूंनी मागे, पोटाच्या घेरानं तर सर्वांत मागे. पाठीवरची चरबी मात्र तितकी मागे नव्हती. हडकुळं दिसणारं बाळ आतून मेद जपून होतं. ‘थिन-फॅट’ बाळ हे नाव जगाच्या वैद्यकशास्त्रात तिथून रूढ झालं. भारतीय माणसाला तुलनेनं कमी वजनावर आणि लवकर मधुमेह का गाठतो, या कोड्याचं एक टोक शिरूरच्या बाळंतिणीच्या खोलीत सापडलं.

दुसरी गोष्ट आणखी जवळची. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं मोठी होती. ज्या गरोदरपणात जास्त कष्टाची कामं करत राहिल्या त्यांची बाळं लहान होती. पोट भरलं की झालं, असं नव्हतं. शेपू, मेथी, चाकवत शेतातून ताटात येतंय का आणि दूध डेअरीच्या कॅनमधून थोडंतरी घराकडे वळतंय का, हे काटा दाखवत होता.

खोलीतून बाहेर पडण्याआधी बाळंतिणीचा चेहरा बघा. 2 किलो 600 हा तिचा दोष असल्यासारखी ती भिंतीकडे बघते आहे. तिला कुणीतरी सांगायला हवं की हा आकडा एकट्या बाळाचा नाही. त्यात तिचं खुरपणं आहे, तिचं शेवटी जेवणं आहे आणि ती स्वतः पोटात असताना पदराला बांधलेली अर्धी सुकडीही आहे.

2012, तीच गावं

अठरा वर्षांनी तुम्ही परत त्याच घरी येता. झोळीतली ती मुलगी आता बारावीला आहे. अभ्यास थांबलेला नाही: 1993 ते 96 मध्ये मोजलेल्या मुलांच्या मागे ताया गेल्या आहेत, सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, आताही. आपल्याकडच्या रोजच्या जेवणात ब-12 जीवनसत्त्व फार कमी पडतं, हे याज्ञिकांच्या चमूला दिसलं आहे. म्हणून त्यांनी एक वेगळा प्रयोग मांडला आहे, प्रिया नावाचा. गरोदर राहिल्यावर गोळ्या देण्याऐवजी लग्नाआधीच, मुलगी वाढत असतानाच ब-12 द्यायचं आणि पुढे तिची बाळं मोजायची. बाळाची काळजी घ्यायची तर ती त्याच्या आईच्या शाळकरी वयातच सुरू करायला हवी, हे ओळखून उचललेलं पाऊल.

या मधल्या काळात मोजपट्टीही बदलली आहे. अंगणवाडीतल्या जुन्या तक्त्यावर कुपोषणाच्या चार श्रेणी असत. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतलं मूल सापडलं की जाब सेविकेलाच विचारला जाई, त्यामुळे आकडा सौम्य करून लिहिण्याचा मोह होई. 2005 साली राज्यात कुपोषण रोखण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख व्ही. रमणी यांनी हेच उलटं केलं: प्रत्येक मूल तोला, खरं लिहा, खरं लिहिणाऱ्या सेविकेला शिक्षा नाही. एप्रिल 2006 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वाढीची नवी मानकं दिली. ती ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांवरून काढली होती. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. आईचं दूध, पुरेसं अन्न आणि स्वच्छता मिळाली तर पाच वर्षांपर्यंत ही सगळी मुलं जवळपास सारखीच वाढली. ‘आमच्याकडची पोरं लहानखुरीच असतात’ हे वाक्य त्या दिवसापासून खोटं ठरलं आहे.

डिसेंबर 2024, यवत

आता भीमा ओलांडा. शिरूरच्या पोरी नदीपलीकडे दौंड तालुक्यात द्यायच्या, ही जुनी सोयरीक. आपली मुलगी यवतला आली आहे. सोलापूर रस्त्यावर वाहनांची रांग आहे, हवेत गुऱ्हाळांच्या रसाचा गोड वास आहे. हे गाव खाऊ घालण्यात मागे नाही: तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की काळभैरवनाथाच्या देवळात अख्ख्या दिंड्यांना पुरेल एवढं पिठलं-भाकरी रांधलं जातं.

तिला मुलगा झालाय, सात दिवसांचा. आशाताई दारात चप्पल काढते, हात धुते, कार्ड मागते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिनं घरी यायचं असतं. ही रीत गडचिरोलीची देणगी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं तिथल्या गावांतल्या बायकांना नवजात बाळ तोलायला, तपासायला, उबेत ठेवायला शिकवलं आणि नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी खाली आले, 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. यवतच्या या खोलीत आशाताई काटा हातात धरते तेव्हा तिच्यामागे त्या बायका उभ्या असतात.

आता अंगणवाडीत चला. आज वजनाचा दिवस आहे. सेविका एकेका लेकराला काट्यावर घेते, मदतनीस लांबीच्या फळीवर पाय धरते. दंडाला पट्टी लावते: साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की तीव्र कुपोषण. दोन्ही पायांवर अंगठा दाबून सूज बघते. मग सगळं फोनमध्ये. 2021 पासून पोषण ट्रॅकरवर प्रत्येक मुलाची नोंद करावी लागते. त्याच वर्षी राज्यातल्या हजारो सेविकांनी न चालणारे सरकारी मोबाइल परत करून टाकले होते, कारण माहिती भरायची कशी, हाच प्रश्न होता.

दारात एक बाई घुटमळते आहे. ऊसतोडीला आलेली. तिची कोपी रानात आहे, पहाटे चारला ती फडात जाते, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोर. तिचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत आहे, इथं नाही. सेविका तिला आत बोलावते. पोराचा दंड पट्टीत येतो आणि पट्टी लालवर थांबते. तुम्ही श्वास रोखलेला असतो. सेविका घाबरत नाही. आशाताईला फोन लावते, उद्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं ठरवते, आजचा खाऊ पदरात घालते आणि कारखान्याचा पट्टा कधी पडणार, ते कुटुंब कधी निघणार हे विचारून ठेवते. आकड्यापाठोपाठ माणूस उठला, तरच आकड्याला किंमत. पट्टी लाल दाखवते आणि पुढे काहीच होत नाही, अशी मोजणी आईला फक्त अपराधी करते.

ज्यांच्या हातांनी आजची मापं घेतली त्यांच्याकडेही एकदा वळून बघा. सर्वोच्च न्यायालयानं 2022 साली अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी 2023 च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविकांना मानधनासाठी संपावर जावं लागलं आणि तो जानेवारीपर्यंत चालला. देशाच्या मुलांची वाढ ज्यांच्या वहीत आहे त्यांना आपण अजून मानधनावरच ठेवतो. हे अन्यायाचं आहे आणि ते बदललं पाहिजे.

तुमचं वर्ष

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 46 टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी होती. 2019-21 मध्ये हे प्रमाण 35 टक्क्यांवर आलं. म्हणजे बदल होतो. आणि अजून तीनातलं एक मूल मागे आहे. उंची मागे पडते ती एका आजारपणानं नाही. ती वर्षानुवर्षं, कधी आईच्या बालपणापासून, कमी पडत गेलेल्या अन्नानं. म्हणून नुसतं वजन पुरेसं नाही, लांबीची फळी हवीच. आणि नुसतं बाळ पुरेसं नाही, त्याची आई आणि त्याची आठवीतली आत्याही हवी.

तुमच्या गावात, वस्तीत पुढचा वजनाचा दिवस कधी आहे हे विचारा आणि तिथे जा. काटा शून्यावर आहे का, लांबीची फळी धड आहे का, फोन चालतो का, बघा. नसेल तर ग्रामसभेत सेविकेच्या बाजूनं उभे राहून मागा. शेतात, वीटभट्टीवर, गुऱ्हाळावर बाहेरून आलेलं कुटुंब असेल तर त्याच्या लेकराला अंगणवाडीची वाट दाखवा. घरात गरोदर सून असेल तर तिला आधी वाढा, पालेभाजी वाढा, दुधाचा पेला डेअरीच्या आधी तिला द्या, तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घ्या. आणि घरातल्या वाढत्या मुलीच्या ताटातलं कधीही कमी करू नका. तिच्या बाळाचं वजन आजच ठरतं आहे.